सातव्या दाराची दुसरी तारीख

१२ जानेवारी, रविवार

मला आधी राग आला. दुःख नंतर, चहा घेताना आलं. हे इथे वहीतच लिहिते, कारण व्यासपीठावरून असं बोलता येत नाही.

भाई देऊलकर काल संध्याकाळी गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मंगळवारी भल्या सकाळी छातीत कळ आली म्हणून तोंडवळीहून कुडाळला नेलं, ते तिथून परतले नाहीत. वाचनालयाच्या यज्ञेशने फोन करून सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, पण सातवा भाग?"

 यज्ञेश म्हणाला, "बाई, माझ्याही मनात तेच आलं. मी फक्त बोललो नाही."

'सात दारांचा दर्या'. चौदा वर्षांत सहा भाग, त्यातली सहाव्यानंतरची पाच वर्षं नुसती वाट. दर्या एका गावातल्या माणसांची नावं घेऊन जातो. नाव गेलं की त्या माणसाला हाक मारता येत नाही, आणि हाक नाही म्हणून तो घरी परतत नाही. होडी वल्हवणाऱ्या बाईची मुलगी सुरंगी एकेक दार उघडून नावं सोडवत जाते. सहा दारं उघडतात, गाव परत येतं. सातव्या दारामागे तिची आई. ते दार म्हणतं, "तुझं नाव दे, मग उघडतो." तिथे सहावा भाग संपतो. नाव दिलं तर आई येईल, पण सुरंगीला पुन्हा कुणीच हाक मारू शकणार नाही.

या एका प्रश्नावर मी जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर एकतीस व्याख्यानं दिली आहेत. सुरंगी नाव देणार नाही. हातातल्या वल्ह्याने ती दार फोडेल. आपल्या बायकांनी आतापर्यंत पुरेशी नावं दिली, असं म्हणून मी थांबते, आणि तिथे टाळ्या पडतातच. यज्ञेश माझा विद्यार्थी, अकरावीपासून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, देणार. आता आमच्या भांडणाचा निकाल लावणारा माणूसच गेला.

१३ जानेवारी, सोमवार

वाचकांच्या ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत. कालपासून फोन तापलाय. लातूरचे एक डॉक्टर लिहितात की सहावा भाग त्यांनी मुद्दाम दुसऱ्यांदा वाचला नव्हता, सातवा आला की एकदम वाचायचा म्हणून. नाशिकच्या एका बाईंनी मुलीचं नाव सुरंगी ठेवलंय. मुलगी आता सात वर्षांची आहे, तिला काय सांगू, असं विचारतात. सांगलीच्या एका गृहस्थांनी स्वतःच शेवट लिहून चाळीस पानं पाठवली. त्यात सुरंगीचं लग्न होतं. मी उत्तरात फक्त "वाचलं" एवढंच लिहिलं. माझ्या दृष्टीने हा संयमाचा कळस आहे.

एकाने लिहिलं, वाचकाला असं टांगून मरायचा लेखकाला अधिकार नाही. त्याच्यावर सगळे तुटून पडले. मीही पडले, तीन परिच्छेद. खरं तर तो माझंच मन बोलला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

तोंडवळीला जाऊन आले. भाई एकटे राहायचे. देवगडला बंदर खात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन इथे समुद्राकाठी घर बांधलं. सगळं आता त्यांची ठाण्याची पुतणी दीपिका बघते. ती रडून रडून थकली होती. मी तिला धीर दिला. जरा जास्तच दिला असावा, कारण मंगेशने मागून माझ्या पदराला हात लावला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ही त्याची खूण मला कळते.

भाईंकडे स्वयंपाकाला येणारी हौसाबाई मागच्या पडवीत आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. मला बघून हात पुसत उठली आणि म्हणाली, "बाईनू, भाईंची एक गजाल होती, सांगूक व्हयी होती." गजाल म्हणजे गोष्ट, म्हणजे आठवणच असणार. लोकांना अशा वेळी आठवणी सांगायच्या असतात, मला माहीत आहे. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, हौसाबाई, भाई कुठेही गेलेले नाहीत, ते त्यांच्या पुस्तकांत आहेत. पुढे बरंच बोलले. तिचे डोळे भरून आले. निघताना तिने संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवला.

१६ जानेवारी, गुरुवार

 आधी लिहिते, मग पाणी पिते.

दीपिकाने भाईंचं कपाट उघडून दिलं. सातव्या भागाची वही मिळाली! बारा प्रकरणांपैकी अकरा पूर्ण, त्यांच्या त्या बारीक, उभ्या अक्षरात. मी तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागले. यज्ञेश माझ्या खांद्यावरून वाचत होता आणि मी पान उलटलं की "थांबा, थांबा" करत होता. सुरंगी दाराकडे एक महिन्याची मुदत मागते. आधीच्या सहाही दारांकडे जाऊन विचारते, कुणाकडेच उत्तर नसतं. अकराव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य असं आहे: 'सुरंगी परत सातव्या दारासमोर आली आणि तिने वल्हं खाली ठेवलं.'

यज्ञेश माझ्याकडे बघून हसला. म्हटलं, हसू नकोस, मूठ घट्ट करायला माणूस आधी हात मोकळा करतो.

आता महत्त्वाचं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर भाईंनी दोन तारखा लिहिल्या आहेत, एकाखाली एक, लागोपाठच्या दोन दिवसांच्या. जुने सहाही भाग काढून पाहिले. सगळीकडे तसंच. बाराव्या प्रकरणाचं पान कोरं आहे, पण डोक्यावर एक तारीख आहे. ६ जानेवारी. दुसरी नाही.

अर्थ उघड आहे. पहिली तारीख कच्च्या खर्ड्याची, दुसरी या वहीत पक्कं लिहून काढण्याची. म्हणजे ६ जानेवारीला, सोमवारी, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी, भाईंनी शेवट लिहून काढला होता. तो कागद या घरात कुठेतरी आहे.

यज्ञेश म्हणाला, "मग आधीच्या अकरा प्रकरणांचे खर्डे कुठायत?" जाळले असतील. मोठे लेखक जाळतात.

१९ जानेवारी, रविवार

कुडाळला शोकसभा. सभागृह भरून लोक बाहेर उभे होते. कोल्हापूरहून, पणजीहून माणसं आली होती. चार जण माझ्याआधी बोलले आणि चौघांनीही अपूर्णतेचं सौंदर्य वगैरे सांगितलं. मी आतून पेटत गेले. अपूर्णतेत कसलं आलंय सौंदर्य? अर्धी शाकारलेली छपरं कुणाला सुंदर दिसतात?

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, पण शेवट ठरवला नव्हता आणि तो आपोआप आला. म्हटलं, "सातवा भाग अपूर्ण नाही. ६ जानेवारीला भाईंनी शेवट केलेला आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनी, याच व्यासपीठावरून तो शेवट मी तुम्हाला भाईंच्या शब्दांत ऐकवीन. नाही ऐकवला, तर त्यानंतर मी माईकसमोर उभी राहणार नाही."

असा टाळ्यांचा कडकडाट माझ्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

गाडीत मंगेशने कसाल येईपर्यंत मला बोलू दिलं. मग म्हणाला, "कागद गावलो?"

म्हटलं, गावतलो.

"असां," म्हणाला आणि काच खाली केली.

२० जानेवारी, सोमवार

दीपिकाचा फोन आला. प्रकाशक दुसऱ्या लेखकाकडून शेवटचं प्रकरण लिहून घ्यायचं म्हणतायत. तिने माझ्या भाषणाचा मान राखून त्यांना सत्तावीस तारखेपर्यंत थांबवलं आहे. त्यानंतर ती सही करेल. दुसरा लेखक! भाईंच्या सुरंगीला कुणा परक्याच्या हाती द्यायचं. आता हे माझ्या शब्दापुरतं राहिलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

दिवसभर तोंडवळीला शोध. कपाटं, ट्रंका, गादीखाली, देव्हाऱ्यामागे. यज्ञेश माळ्यावर चढला आणि जुन्या भरती-ओहोटीच्या वह्यांखाली गाडला गेला. तिथेही नाही.

हौसाबाई आमच्यासाठी पेज आणि सुकी मासळी घेऊन आली. आमचा पसारा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कागदात नाय गावाचा तां, बाईनू."

बिचारीचा धीर सुटलेला दिसला. मी तिला खाली बसवलं आणि हस्तलिखित म्हणजे काय असतं ते समजावून सांगितलं. शेकडो वर्षं मडक्यांत, भिंतींत, मंदिरांच्या कोनाड्यांत पोथ्या टिकून राहिल्या. कागद हरवत नाही, आपण शोधायचं सोडतो. तिने सगळं ऐकून घेतलं. पोथीचं नाव निघाल्यावर म्हणाली की तिचे वडील पिंगुळीला चित्रकथी होते, चित्रं लावून पोथी सांगायचे. मी म्हटलं, बघ, म्हणजे तुला कळेलच. पेज निवत होती, म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

देवगड. भाईंचे बंदर खात्यातले जुने सोबती शिवा कांबळी यांना भेटले. आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारणी चालली होती, ते त्यातून बाहेर आले. खर्डा त्यांच्याकडे नाही. मात्र एक माहिती मिळाली. भाई नोकरीत असतानाही साधा अर्ज लिहायचा झाला तरी आधी समोरच्याला तोंडाने पूर्ण सांगायचे, मगच लिहायचे. "आधी आयकणारो व्हयो तेंका," असं म्हणाले.

शैलीकार असेच असतात. स्वतःचं वाक्य कानाने तपासतात. व्याख्यानात वापरण्यासारखं आहे. टिपून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

पंधरा दिवसांत नऊ सभा झाल्या. सावंतवाडी, कणकवली, वेंगुर्ला, परत कणकवली. भाईंचा कागद कुणाकडे असेल तर पुढे या, असं आवाहन करते. सभा जंगी होतात. कागद येत नाही. सांगलीच्या गृहस्थांनी सुधारित शेवट पाठवला. आता लग्नाआधी साखरपुडाही आहे.

आज बाजारात हौसाबाई दिसली. दोन माणसांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. म्हणाली, घराकडे येतंय एकदा, बसान बोलाक व्हया. म्हटलं, सत्तावीसनंतर नक्की ये, आता मला श्वास घ्यायला फुरसत नाही. "तवसर माज्यान ऱ्हवाचा नाय," म्हणाली. तोपर्यंत थांबता येत नाही म्हणजे तिला कामाची गरज असणार. दीपिकाला सांगून कुठेतरी लावून दिलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घसा बसलाय. हळद-दूध घेते आहे. मनात पहिल्यांदा आलं, कागद नसेलच तर? चौतीस वर्षं शिकवलं, तितकीच वर्षं व्यासपीठावर बोलले. पुरावा हातात नसताना ठामपणे बोलणाऱ्या माणसांची मी आयुष्यभर टर उडवली. आता मी त्यांच्यात बसते का? बसते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल कट्टा गावच्या सभेत चौथ्या मिनिटाला आवाज गेला. घोगरा वगैरे नाही, गेलाच. तोंड उघडत होतं आणि वारा येत होता. लोकांना वाटलं, मी गहिवरले. टाळ्या पडल्या.

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. आठ दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त ताण येतो म्हणे. आंबट बंद, थंड बंद, तळलेलं बंद. मी पाटीवर लिहिलं, २७ ला कार्यक्रम आहे. ते म्हणाले, तेव्हा दोन-चार वाक्यं हळू बोला. मात्र ओरडलात तर पुढचे सहा महिने विसरा.

मंगेश संध्याकाळी म्हणाला, "आपल्या घरातला घड्याळ टिकटिकता. माका म्हायत नव्हता." मी त्याला उशी मारली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. चुकवायचं नाही.

दुपारी हौसाबाई आली. हातात दोन नारळ. मंगेशने तिला सांगितलं की बाईंना आठ दिवस बोलायची बंदी आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरां झालां."

मग स्वयंपाकघरात गेली, आमचा आडाळा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "खवा."

मी हाताने विचारलं, का?

"हात रिकामे ठेवन गजाल आयकाची नाय. हात रिकामे आसले की मन गावभर फिरता. बसा. तुमच्याकडे तीन खेपा इलंय मी. आता आयकतलास."

मी आडाळ्यावर बसले.

तिने सांगितलं ते असं. चौदा वर्षं भाईंची एकच रीत होती. दुपारी ती पडवीत नारळ खवायला बसे आणि भाई समोर बसून पुढचं प्रकरण तोंडाने पूर्ण सांगत, एक ओळही न लिहिता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हौसाबाई ते त्यांना परत सांगे. भाई डोळे मिटून ऐकत. तिच्या लक्षात जे राहिलं तेवढंच लिहायचं, जे राहिलं नाही ते सोडून द्यायचं. कधीकधी तिच्या सांगण्यात एखादी गोष्ट वेगळी होई आणि भाई म्हणत, हे बरं आहे, हेच ठेवू. तिला लिहिता-वाचता येत नाही. वडिलांची पोथी तिने अशीच कानाने धरली होती.

दोन तारखा. एक त्यांच्या सांगण्याची, एक तिच्या सांगण्याची.

खर्डा नव्हताच कधी. मी ट्रंका उपसत होते आणि ती दारात पेज घेऊन उभी होती. कागदात नाही सापडायचा, असं तिने मला स्वच्छ सांगितलं होतं.

"सोमवारी सांगल्यानी," ती म्हणाली. "शेवटचा. सांगान झाला तसे हसले, म्हणाले, हौसाबाय, फाल्या बघूया काय ऱ्हवता तां. मंगळवारी मी सांगूक गेलंय तर दाराक कुलूप. तेवांपासून घेवन फिरतंय. माजो बापूस म्हणी, उघडलेली पोथी अर्धी ठेवची नाय. ती सांगणाऱ्याक जेवूक देणा नाय. बाईनू, दीड महिनो झालो, माका घास जात नाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. बोलता आलं असतं तर मी काहीतरी फार सुंदर बोलले असते आणि ती पुन्हा उठून गेली असती.

मग तिने शेवट सांगितला. दोन नारळ खवून संपले, तिसरा मंगेशने फोडून दिला आणि तोही तिथेच दाराला टेकून बसला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुसरा दिवस, म्हणजे परत सांगायचा. मला बोलता येत नाही, म्हणून मी सकाळी तो शेवट लिहून काढला. अकरा पानं. चांगली उतरली. दुपारी यज्ञेशला बोलावलं आणि त्याने हौसाबाईला ती वाचून दाखवली. तिसऱ्या पानापर्यंत ती डोळे मिटून बसली होती. मग हात वर केला.

"ह्या भाईंचा नाय. ह्या तुमचा."

यज्ञेशने ते वाक्य पुन्हा वाचलं. सुरंगीच्या अंतःकरणातला युगायुगांचा हुंकार, असं काहीसं होतं. तिने मान हलवली. पुढेही तिने आठ जागा काढल्या. आठही माझ्या. एकदाही चुकली नाही. अकराची सहा पानं झाली. यज्ञेशला हसू आवरत नव्हतं. त्याचा तर पूर्ण पराभव झालेला आहे, शेवटात त्याचं म्हणणंही खरं ठरत नाही, तरी हसत होता.

माझी एकतीस व्याख्यानं चुकीची. लिहून झालं. वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं. खरं सांगायचं तर मला पुन्हा पहिल्यासारखं वाटतंय, पहिला भाग वाचला होता तेव्हासारखं. काल जेवायचं विसरले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्न आहे तो परवाचा. भाईंच्या शब्दांत ऐकवीन, असा शब्द मी दिलाय. माझ्याकडे सहा पानं आहेत, तिने तपासलेली. मी ती हळू आवाजात वाचू शकते. सभागृह माझ्या ओळखीचं आहे, कुठे थांबायचं मला कळतं. माझा शब्द राहतो, माईकही राहतो.

पण दुसरी तारीख माझी नाही, तिची आहे.

पाटीवर लिहून मंगेशला दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "तिका विचारलंस?"

नव्हतं विचारलं. अजूनही ही सवय.

संध्याकाळी तोंडवळीला जाऊन यज्ञेशकरवी विचारलं. ती पहिल्यांदा नको म्हणाली. एवढ्या माणसांत हात कापतील. मग विचारलं, थंय आडाळो नेवक गावात काय? तिथे आडाळा नेता येणार असेल तर ती येणार होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहायला बसणं शक्य नव्हतं. आज सकाळी समुद्रावर जाऊन आले, आता बसते.

सभागृह भरलं होतं, बाहेर पडदा लावला होता. लातूरचे डॉक्टर आले होते. नाशिकची सुरंगी आईसोबत पहिल्या रांगेत, पाय हलवत बसली होती. सांगलीच्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला, मग मी त्यांच्यावरचा राग सोडला. दीपिका ठाण्याहून आली होती, पर्समध्ये सहीचा कागद घेऊन.

मी माईकसमोर गेले. घशाच्या डॉक्टरांनी दिलेल्या वाक्यांपैकी चारच वापरली. "मी कागद शोधत होते. कागद नाही. भाईंनी शेवट एका माणसाला सांगितला होता आणि मी त्या माणसाला तीन वेळा गप्प केलं. आता त्या सांगतील."

मंचावर चटई, चटईवर आडाळा, परातीत नारळ. हौसाबाई निळं लुगडं नेसून आली, बसली, आणि समोर बघायचंच नाही असं ठरवून नारळाला हात घातला. तिला माईक धरता येईना, दोन्ही हात कामात. म्हणून मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि तिच्या तोंडापुढे माईक धरला. चाळीस मिनिटं. हात भरून आला तेव्हा डाव्यात घेतला. व्यासपीठावर असताना सलग इतका वेळ मी गप्प बसल्याची ही पहिलीच खेप.

पहिली पाच मिनिटं तिचा आवाज कापत होता. मग सुरंगी दारासमोर आली आणि हौसाबाई तिथे राहिलीच नाही. खोबरं परातीत पडत होतं, तेवढाच काय तो दुसरा आवाज.

सुरंगी वल्हं खाली ठेवते. नाव देत नाही आणि दारही फोडत नाही. उंबऱ्यावर बसते. दार तीन वेळा विचारतं, ती तीनही वेळा गप्प राहते. तिकडे गावात सांज होते. माणसं म्हणतात, सगळे आले, मग आमची सुरंगी खंय आसा? आणि ज्यांची नावं तिने सोडवून आणली ती सगळी किनाऱ्यावर येतात.

इथे हौसाबाईचा हात थांबला. तिने पहिल्यांदा मान वर करून लोकांकडे पाहिलं. सहा पानांत हे नव्हतं, मला सांगतानाही तिने हे केलं नव्हतं. म्हणाली, "आता माका एकटीक नाय जमाचा. माजो बापूस हय लोकांका हाक मारूक सांगी. मारा हाक."

 मग पहिल्या रांगेतल्या त्या सात वर्षांच्या मुलीने स्वतःच्याच नावाने हाक मारली. मग लातूरच्या डॉक्टरांनी. मग सगळं सभागृह उठलं, बाहेरच्या पडद्यासमोरची माणसंही, आणि "सुरंगी" अशी एक हाक उठली ती पुन्हा पुन्हा उठत राहिली. यज्ञेश भिंतीला टेकून ओरडत होता आणि रडत होता. मंगेश, ज्याने सहापैकी एकही भाग पूर्ण वाचलेला नाही, तोही ओरडत होता.

मीही ओरडले. पूर्ण घसा लावून. घशाच्या डॉक्टरांना हे कळवणार नाही.

आवाज शमल्यावर हौसाबाई पुन्हा खाली बघून खवायला लागली आणि दाराच्या आवाजात म्हणाली, "माका एकच नाव घेवचा होता. ह्या तर इतक्या तोंडात आसा. आता मी खंयसून काढू?" दार उघडलं. आई बाहेर आली आणि लेकीला नावाने हाक मारली. संपलं.

दीपिकाने सहीचा कागद पर्समधून काढलाच नाही. तिथेच मला म्हणाली, तुमची सहा पानं द्या, हौसाकाकीचं नाव घालूनच छापायची.

सगळे पांगल्यावर मी भाईंची वही उघडली आणि बाराव्या प्रकरणाच्या डोक्यावर, ६ जानेवारीच्या खाली, २७ फेब्रुवारी लिहिलं. हौसाबाईला विचारलं, ठीक आहे ना? विचारलं म्हणजे तोंड हलवलं. आवाज पुन्हा गेला होता, आता किती दिवसांसाठी कोण जाणे. तिने दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं आणि वही मिटली.

मग परातीतलं खोबरं डब्यात भरू लागली. तीन नारळांचं होतं, वाया कसं घालवायचं. म्हणाली, भूक लागली, उद्या दुपारी भात टाकतंय, सोलकढी करतंय, तुमी दोघां येवा.

आंबट बंद आहे. दुपारी जातोय.